बाळंतिणीच्या नावाची शतावरी

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत कुणाला एकादशी कधी आहे किंवा संकष्टीचा चंद्र कितीला निघणार हे पाहिजे असलं, तर पंचांग उघडत नाहीत. कौशल्याबाईंच्या दाराची कडी वाजवतात. बाई हातातली कणीक न सोडता आतूनच तिथी सांगतात. ती चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

त्यांची दुसरी ओळख पुरणपोळीची. पोळी इतकी पातळ की तव्यावरून उचलताना फाटेल असं वाटावं, आणि फाटत नाही. गल्लीत आलेली नवी सून हमखास विचारते, "काकू, हा हात कुठून आणला व?" कौशल्याबाई हसतात. तो हात कुठून आला हे गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांना माहीत आहे, पण त्या सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचाही वाटा आहे.

कौशल्याबाईंचं माहेर बार्शीटाकळीचं. सूर्यभानरावांशी लग्न होऊन अकोल्याला आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. सूर्यभानराव एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, माणूस साधा आणि अबोल. घरात भांडण नव्हतं, तंटा नव्हता. फक्त नऊ वर्षं पाळणा हलला नाही. त्या नऊ वर्षांत शेजारात आणि नात्यात डोहाळजेवणं काय कमी झाली? आमंत्रण प्रत्येकीचं यायचं. कुणी टोचून बोलायचं नाही. फक्त ओटी भरायची वेळ झाली की एखादी गोड आवाजात म्हणायची, "कौशल्या, पुरणाकडं पायतं का जरा? तुह्यासारखी पोळी कोणाले जमत नाही." कौशल्याबाई उठून आत जात. बाहेर बाया ओटीची गाणी म्हणत आणि आत या लाटत. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चुलीपाशी लाटून लाटून तो हात बसला होता.

दहाव्या वर्षी त्या कौंडण्यपूरला गेल्या. रुक्मिणीच्या माहेरी, वर्धा नदीच्या घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून पदर पसरला. देवानं ऐकलं. लेक झाली, आरती. त्यानंतर दुसरं काही मागायचं नाही असं त्यांनी तिथेच ठरवलं होतं, आणि चोवीस वर्षं मागितलंही नाही.

आरती तेरा वर्षांची झाली त्या महिन्यापासून कौशल्याबाईंचा एक नेम सुरू झाला. लेकीची पाळी आली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट लावायचं. कुंकू तेलात कालवलेलं, म्हणजे झडत नाही. कारण साधं होतं. घरात भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, नवरात्र, चंपाषष्ठी सगळे कुलाचार. घरातलं बाईमाणूस नेमकं त्याच दिवशी बाहेरचं व्हायला नको, म्हणून अंदाज ठेवायचा. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून ट्रंकेत जाई. अशी अकरा कॅलेंडरं ट्रंकेत होती.

आरती चिडायची. "आई, माह्या पाळीचा हिशोब तू येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या पाहुण्यांले दाखवतं."

"त्यांले काय समजते? कुंकू आहे ते."

"आणि मले समजते त्याचं काय?"

महालक्ष्म्यांच्या वेळी हा वाद हटकून व्हायचा. तारीख जवळ येत असली की कौशल्याबाई पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून लेकीच्या हातावर ठेवत. आरती म्हणे, बाजूला बसणार नाही आणि गोळ्याही खाणार नाही. मग आईचं तोंड पाहून गोळी गिळे. पुढे ती अमरावतीला एका शाळेत शिकवायला लागली, खोली करून राहायला लागली, तरी महालक्ष्म्यांना घरी यायच्या आधी गोळ्या सुरू करून येई.

मेमध्ये तिच्या मानेत गाठ निघाली. खोकला होता तो वातावरणाचा म्हणून अंगावर काढला होता. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले, गाठीचा तुकडा तपासायला गेला, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीण बाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं की हा गाठींचा कॅन्सर आहे. मानेतली गाठ लहान होती. मोठी छातीत होती.

मग कागद भरताना त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

आरती आठवायला लागली. कौशल्याबाई म्हणाल्या, "ज्येष्ठ वद्य तृतीया."

डॉक्टरीण बाईंनी वर पाहिलं. "तारीख सांगाल का?"

"चौदा जून. त्याच्या आधी सतरा मे. त्याच्या आधी एकोणीस एप्रिल. अकरा वर्षांच्या आहेत, पाहिजे तर आणून देतो."

"असा रेकॉर्ड आमच्याकडेही नसतो," बाई म्हणाल्या. त्या वेळी सगळेच थोडे हसले. त्या खोलीतलं तेवढंच हसणं.

पुढचं बाईंनी सावकाश सांगितलं. केमोचं औषध वाढत्या पेशींना मारतं. ते गाठीला मारेल आणि अंडाशयातल्या बीजांनाही मारेल; किती मारेल ते सांगता येत नाही. बीज आधी काढून गोठवून ठेवता येतं, पण त्याला दोन आठवडे लागतात आणि छातीतली गाठ श्वासनळीला टेकली आहे. "दोन आठवडे मी थांबू शकत नाही. एक करता येईल. दर महिन्याला पोटात एक इंजेक्शन देऊ, त्यानं अंडाशय झोपी जातं. झोपलेल्याला मार कमी बसतो असं दिसलंय. खात्री मात्र नाही. तेवढ्या काळात पाळी येणार नाही, त्याला घाबरू नका." मग एक छापील कागद दिला: घरगुती काढा नाही, जडीबुटी नाही, कसलीही भुकटी नाही.

एवढ्या सगळ्यातून कौशल्याबाईंच्या कानात एकच शब्द राहिला. पाळी येणार नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आरती, त्या गोळ्या मी तुले खाऊ घालत होतो, त्यानं तर नाही झालं हे?"

"नाही गं आई. विचारलं मी. त्याचा याच्याशी संबंध नाही."

विचारलं मी, म्हणाली. म्हणजे तिच्याही मनात आलं होतं.

पहिली केमो एकोणीस जूनला झाली. दर एकवीस दिवसांनी पहाटे अकोल्याहून निघायचं, मूर्तिजापूरला चहा, दहाला दवाखान्यात, दिवसभर सलाईन, रात्री परत. आरतीनं शाळा सोडून घर गाठलं होतं. दुसऱ्या केमोनंतर तिचे केस उशीवर राहायला लागले. कौशल्याबाईंनी ते गोळा करून कागदात बांधले आणि कुठे टाकावे ते न सुचून ट्रंकेत कॅलेंडरांशेजारी ठेवले. जुलैचं पान कोरं गेलं. ऑगस्टचंही कोरं जायला लागलं. तिथी तोंडपाठ असलेली बाई दिवसातून दहा वेळा भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

शेजारी अब्दुल गफ्फार यांचं घर. मेन रोडवर त्यांचं काष्ठौषधीचं दुकान आहे. त्यांची नात अलीझा आरतीची शाळेपासूनची मैत्रीण. ती आता अमरावतीला औषधशास्त्राचं पुढचं शिकते. श्रावणात ती सुट्टीवर आली आणि आरतीच्या कॉटवर पाय वर घेऊन बसली. कौशल्याबाई आत भाजी निवडत होत्या.

"तुह्यासारखंच औषध मी देऊन राहिले उंदरांले," अलीझा सांगत होती. "उंदरीण म्हण. एका गटाले नुसतं केमोचं औषध. दुसऱ्या गटाले त्याच्यासोबत शतावरीच्या मुळीतून काढलेला अर्क. मंग अंडाशयाचे पातळ काप काढायचे, रंग द्यायचा, आणि दुर्बिणीखाली बीजं मोजायची."

"मंग?"

"अर्कवाल्या गटात जास्त सापडली."

आतली भाजी निवडायची थांबली. कौशल्याबाई दारात आल्या. "म्हणजे शतावरीनं बीज वाचते?"

अलीझाचा चेहरा उतरला. "काकू, उंदराचं आहे ते. तेही आमच्या कॉलेजात, मोजून चोवीस उंदरं."

"पण वाचलं नं? मंग त्यांले पिल्लं झाली का?"

"पिल्लं होऊ देत नाही, काकू. बीज मोजायसाठी त्यांले मारावंच लागते."

अलीझा घाईनं बोलत राहिली, की माणसाचं वेगळं असतं, जे अंडाशयाला वाचवेल ते उद्या गाठीलाही वाचवेल, हे अजून कुणालाच माहीत नाही, आरतीला असलं काही द्यायचं नाही. "शप्पथ घ्या काकू."

"नाही बाई, मी काहून देऊ?" कौशल्याबाई म्हणाल्या आणि परत भाजीपाशी गेल्या.

दोन दिवसांनी एकादशी होती. देवाचं आटोपून त्या मेन रोडला गेल्या. गफ्फारभाई दुकानात एकटेच बसले होते. मागे छतापर्यंत पत्र्याचे डबे, प्रत्येकावर हातानं लिहिलेली चिठ्ठी.

"या भाभी. आरतीले कसं आहे?"

"बरं आहे. मले शतावरी पाहिजे होती. भुकटी करून द्या."

गफ्फारभाईंचा हात डब्याकडे जाता जाता थांबला. "कोणासाठी?"

पन्नाशी उलटलेली ती बाई एकादशीला आजवर कधी खोटं बोलली नव्हती. "बाळंतिणीसाठी," त्या म्हणाल्या. "आमच्या बार्शीटाकळीच्या भाचीले मुलगी झाली."

"अरे वा. मुबारक. मंग चांगली देतो, मेळघाटातली आहे." म्हाताऱ्याच्या तोंडावर खरा आनंद होता. त्यांनी मुळ्या निवडून घेतल्या, खलबत्त्यात कुटल्या, वस्त्रगाळ केल्या आणि पुडी बांधताना सांगितलं, "सकाळी दुधातून द्या. बाळंतिणीले काही खायले पण देत जा, नाही तर तुमी लोक नुसतं डिंकाच्या लाडवावर ठेवता."

घरी येताना कौशल्याबाई तो शब्द मनात घोळवत आल्या. बाळंतीण. लबाडीचा होता तरी मनात लेकीला धरून उच्चारलेला तो पहिलाच. त्यांना त्याची लाज वाटली नाही. लाज नंतर वाटायची होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आंघोळ करून, देवापुढे एक माळ ओढून, पुडीतली चमचाभर भुकटी त्या दुधात टाकत. आरतीला सांगितलं की यात देवीचा अंगारा आहे. आरतीनं कपाळाला आठी घातली आणि प्याली. आईला एवढं तरी मिळू दे, असं तिला वाटलं असावं. पेल्यात जे उरे ते सूर्यभानराव पीत. दूध वाया घालवायचं नाही ही त्यांची डेपोपासूनची सवय. चौथ्या केमोला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, डॉक्टरीण बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "घरचं काही चालू नाही ना?" कौशल्याबाई म्हणाल्या, "नाही."

मग महालक्ष्म्या आल्या.

महालक्ष्म्यांच्या घरी तीन दिवस बाई आपल्या हातापायांची नसते. पहिल्या दिवशी देवी यायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण, तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप. सकाळी कौशल्याबाई ज्येष्ठेला पातळ नेसवत होत्या. शेजारी कनिष्ठा, आणि दोघींच्या पुढ्यात त्यांची दोन लेकरं, रेशमी झबली घातलेली. मोरीतून आरतीनं हाक मारली.

"आई. आली."

"कोण आलं?"

"पाळी."

निऱ्या हातातून सुटल्या. दुसरं कोणतंही वर्ष असतं तर कौशल्याबाईंनी कपाळावर हात मारला असता. या वर्षी त्या देवीपुढे मटकन बसल्या आणि डोक्याला हात न लावता हात जोडले. दर वर्षी गोळ्या चारून जिला दाराबाहेर अडवून धरत होतो, ती बरोबर याच मुहूर्तावर आपल्या पायांनी आली. याला दुसरं काय म्हणायचं? आधी उठून त्यांनी एकतीस ऑगस्टवर कुंकवाचं बोट टेकवलं. दोन महिन्यांनी भिंत रंगली.

आरती दारात उभी होती, डोक्याला रुमाल, तोंड पांढरं. आईकडे पाहून हसली. "बसतो मी मागच्या खोलीत. या वेळी भांडत नाही. तुह्या मनासारखं होऊ दे."

वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळा पेला. आणि डॉक्टरांनीही तिला माणसांपासून दूरच ठेवायला सांगितलं होतं. त्यामुळे कुणाला यात काही वावगं दिसलं नाही. पाहुणे येत होते, सोळा भाज्या चिरायच्या होत्या, आंबील शिजत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कौशल्याबाईंनी पुरणाचं ताट उंबऱ्यावरून आत सरकवलं.

"आई, लय जाऊन राहिलं गं," आरती पडल्या पडल्या म्हणाली.

"जाऊ दे. दोन महिन्यांचं अडलेलं आहे."

"पायाले मच्छर चावले वाटते. पाय, किती लाल ठिपके आले."

कौशल्याबाईंनी उंबऱ्यावरूनच पाहिलं. पुढे पाय टाकला असता तर पुन्हा डोक्यावरून आंघोळ आणि तोवर देवीचं ताट थांबलं असतं. "परवा डोक्यावरून पाणी घेतलं की हळद लावून देतो," म्हणाल्या.

देवीच्या रात्रीच्या आरतीनंतर सूर्यभानराव म्हणाले, "तिचा आवाज काहून असा येऊन राहिला?"

"झोपेतला आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी अलीझा आली. दर वर्षी महालक्ष्म्यांचा प्रसाद घ्यायला ती येते, आणि येताना आरतीला भेटल्याशिवाय जात नाही. मागच्या खोलीचा उंबरा तिच्यासाठी नुसता उंबरा होता. ती सरळ आत गेली, आणि तिथून तिची हाक आली. ओरडली नाही, पण त्या आवाजानं पाहुण्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"काकू, हिचं अंग जळून राहिलं. हे ठिपके पाहिले होते का तुमी? हे मच्छर नाही, काकू. हे रक्त आहे."

अमरावतीला नेण्याइतका वेळ नव्हता. फोनवर डॉक्टरीण बाई म्हणाल्या, जवळच्या दवाखान्यात आत्ता भरती करा. तिथे रक्त तपासलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी दीड लाखाच्या वर पाहिजेत, त्या नऊ हजार निघाल्या. तिला पाळी आलीच नव्हती. अंडाशय झोपलेलंच होतं. पेशी संपल्या म्हणून जिथून वाट मिळाली तिथून रक्त जात होतं, तीन दिवस, आणि घरात देवीची गाणी चालली होती.

दवाखान्याच्या बाकावर कौशल्याबाईंनी नवऱ्याला आणि अलीझाला पुडीचं सांगितलं. अलीझानं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"म्हणजे मी उरलेलं पीत होतो ते..." सूर्यभानराव म्हणाले. "मले वाटे, अंगाऱ्यानं पोट काहून जड होते."

अलीझाला हसू फुटलं आणि त्याच दमात ती रडायला लागली. "मीच सांगितलं. मी काहून सांगितलं?"

आरती वाचली. चार दिवस पेशींच्या पिशव्या चढल्या, ताप उतरला. शुद्धीत आल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, "देवी गेल्या का?" कौशल्याबाई म्हणाल्या, "गेल्या." निरोपाच्या अक्षता टाकायला त्या घरी नव्हत्याच, शेजारणीनं टाकल्या होत्या.

गफ्फारभाई भेटायला आले ते बाहेरच्या पायरीवर बसले. नातीनं त्यांना सगळं सांगितलं असावं. कौशल्याबाई समोर गेल्या आणि पदर ओढून उभ्या राहिल्या.

"भाभी, तुमी बाळंतीण म्हणाल्या होत्या," म्हातारा म्हणाला.

"हो."

"मी घरी जाऊन सांगितलं होतं, कौशल्याभाभीच्या भाचीले मुलगी झाली म्हणून. आमच्या घरवालीनं, खातूनबीनं, झबलं शिवायले घेतलं." एवढंच बोलून त्यांनी काठी उचलली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून आरतीसाठी डाळीचं पाणी येत राहिलं. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, हेच कौशल्याबाईंना सोसवेना.

पुढच्या वेळी अमरावतीला जाताना त्यांनी उरलेली पुडी पिशवीतून नेली आणि डॉक्टरीण बाईंच्या टेबलावर ठेवली. "ही मी दिली तिले. श्रावणातल्या द्वादशीपासून. तुमाले खोटं सांगितलं."

बाईंनी पुडी उघडली नाही. रागावतील असं वाटलं होतं, त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. "केमोनंही पेशी इतक्या पडतात. यानं पडल्या का, ते मला सांगता येणार नाही."

"माह्यामुळंच झालं असंन."

"माहीत नाही, आई. झालंही असेल, नसेलही."

"आणि बीज? थोडंफार वाचलं असंन का यानं?"

"तेही माहीत नाही."

दोष तरी पदरात टाकला असता तर कौशल्याबाईंनी उचलून घरी नेला असता, देवापुढे ठेवला असता. तोही कुणी देईना.

छातीतली गाठ निम्म्याहून लहान झाली होती. अजून दोन केमो बाकी होत्या. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची, बाई म्हणाल्या. पाळी आली तर आली, आली म्हणजे मूल होईलच असं नाही, आणि नाही आली तर तेव्हा बोलू. मग नवा कागद ओढून त्यांनी सवयीनं विचारलं, "शेवटची पाळी?"

आरतीनं आईकडे पाहिलं.

"चौदा जून," कौशल्याबाई म्हणाल्या.

"आणि ते मधलं?"

"ते मी धरत नाही."

घरी कॅलेंडरवर एकतीस ऑगस्टचं बोट तसंच राहिलं. तेलातलं कुंकू, पुसलं तर पसरतं. पान उलटलं तरी सप्टेंबरावर त्याचा तेलकट डाग उतरलेला होता, कोणत्याही सणाच्या नसलेल्या एका तारखेवर.

दिवाळीनंतर, सहावी केमो होऊन महिना झाल्यावर, गल्लीतल्या शकुनच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं. आरती म्हणाली, "मीही येतो. किती दिवस घरात बसू?" डोक्यावर नुकते बारीक केस फुटले होते. तिनं हिरवं पातळ नेसलं, टिकली लावली. बायांनी तिला मधे बसवलं, तब्येत विचारली, एकीनं तिच्या केसांवरून हात फिरवून म्हटलं, कसे मऊ आले, लेकरासारखे. आरतीनं पोटुशा पोरीला चिडवलं, पेढा की बर्फी ओळखायला लावलं. सगळं छान चाललं होतं.

मग तबक आलं. तांदूळ, नारळ, खण. ओटी भरायची वेळ झाली. एकेक सवाशीण पुढे सरकली, कुमारिकांना हळदकुंकू लावायला दारापाशी बोलावलं. शकुननं आरतीकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत खरीच माया होती.

"कौशल्या," ती म्हणाली, "पोरीले आत पंख्याखाली नेऊन निजव बरं. दमली असंन."

आवाज गोड होता. कौशल्याबाईंनी तो नऊ वर्षं ऐकला होता. त्यांना वाटलं, नाही म्हणावं. म्हणावं, ती बसेल इथेच, कुंकू लावा तिला. पण शकुनचं काही चुकलं नव्हतं, पोरगी खरोखर आजारातून उठली होती, आणि चारचौघींत वाद घालून त्या गरोदर पोरीच्या ओटीत अपशकुन टाकायला कौशल्याबाईंची जीभ उचलेना. त्या उठल्या. आरतीचा हात धरला.

"चाल, बाई."

"आई, मले दमल्यासारखं नाही वाटून राहिलं," आरती हळू म्हणाली.

"माहीत आहे मले."

आतल्या खोलीत पंखा नव्हता. तिथे जायची वाट स्वयंपाकघरातून होती. तिथे परातीत कणीक झाकून ठेवलेली होती, पुरण वाटून तयार होतं आणि तवा तापलेला. बाहेर गाणं सुरू झालं. आरती पाटावर बसली, थोडा वेळ ऐकत राहिली, मग पातळाचा पदर खोचून तिनं परातीवरचं फडकं बाजूला केलं.

"किती मोठा गोळा घ्यायचा?" तिनं विचारलं.

कौशल्याबाईंनी तिला उंडा करून दाखवला.